हार्वर्डचं झिरो: मूळ रूपात न्यावं की सिनेमातलंच ठेवावं?

रविवारचा वैमानिक

'तोरा! तोरा! तोरा!' (१९७०) इथे बऱ्याच जणांनी पाहिला असेल. ७ डिसेंबर १९४१ चा पर्ल हार्बरवरचा हल्ला, जपानी आणि अमेरिकी दोन्ही बाजूंनी दाखवलेला. त्यात आभाळ भरून येणाऱ्या जपानी विमानांपैकी उडणारं एकही विमान जपानी नाही. सगळी उत्तर अमेरिकेत बनलेली प्रशिक्षण विमानं आहेत, म्हणजे नवशिक्या वैमानिकांना ज्यांच्यावर हात बसवायला देत ती. त्यांना कापून, जोडून, पत्रे ठोकून आणि रंगवून शत्रूची विमानं बनवलं गेलं.

असं का करावं लागलं, ते आधी सांगतो. जपानने दहा हजारांहून जास्त झिरो लढाऊ विमानं बनवली होती. पण शरणागतीनंतर उरलेली बहुतेक मोडीत गेली. थोडी संग्रहालयांत गेली, बरीच पॅसिफिकच्या बेटांवर झाडाझुडपांत गंजत पडली. १९६८ साली चित्रीकरणाची तयारी सुरू झाली तेव्हा उडू शकणारं झिरो जगात कुठेच नव्हतं. (कॅलिफोर्नियातल्या चिनोच्या संग्रहालयाने आपलं झिरो मूळ जपानी इंजिनासह उडवलं ते १९७८ मध्ये, सिनेमा येऊन आठ वर्षं झाल्यावर.) आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सला एक नाही, तीसच्या आसपास विमानं हवी होती, तीही तीन प्रकारची: झिरो हे लढाऊ, 'व्हाल' हे सूर मारून बॉम्ब टाकणारं आणि 'केट' हे टॉर्पेडो टाकणारं.

नेमकं त्याच सुमाराला कॅनडाच्या हवाई दलाने आपली पिवळीधमक हार्वर्ड निवृत्त केली होती, त्यामुळे बाजारात माल होता. हार्वर्ड म्हणजेच अमेरिकी टी-६ टेक्सन. दोन्ही नावांनी मिळून पंधरा हजारांवर बनली, म्हणजे सुटे भाग आणि जाणकार मेकॅनिक दोन्ही मुबलक. आता मापं बघा. झिरोची लांबी ९.०६ मीटर, हार्वर्डची ८.८४. झिरोच्या पंखांचा पसारा १२ मीटर, हार्वर्डचा १२.८. दोन्हींना पुढे गोल रेडियल इंजिन (सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे मांडलेलं), दोन्हींचे पंख खालच्या बाजूला, आणि चाकं दोन्हींची आतल्या बाजूला मुडपतात. उडताना विमान लांबून ओळखायचं ते याच गोष्टींवरून. पोटात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. झिरो ताशी ५३० किलोमीटरच्या आसपास जायचं, हार्वर्डची धाव ३३५ पर्यंत.

व्हालसाठी बीटी-१३ व्हॅलियंट हे दुसरं प्रशिक्षण विमान घेतलं, कारण व्हालची चाकं आत जात नाहीत आणि याचीही नाहीत. त्या चाकांवर चड्ड्या (आवरणं) चढवल्या, पंखांची टोकं गोल केली, पोटाखाली बॉम्ब अडकवला. आणि केट म्हणजे तर कमालच: पुढचा भाग हार्वर्डचा, शेपटीकडचा बीटी-१३ चा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची विमानं मध्ये जोडून तिसऱ्या देशाचं विमान!

आता माझा मुद्दा. सिनेमानंतर यातली बरीच विमानं टेक्सासमधल्या हौशी वैमानिकांच्या संस्थेकडे आली (तेव्हाचं कॉन्फेडरेट एअर फोर्स, आताचं कमेमोरेटिव्ह एअर फोर्स). ती आजही हवाई मेळाव्यांत पर्ल हार्बरचा हल्ला करून दाखवतात. काही विमानं इतर मालकांकडे गेली, आणि त्यांतल्या काहींनी सिनेमाचा सगळा साज उतरवून ती पुन्हा टी-६ केली. याला ते 'मूळ रूपात आणणं' म्हणतात. मला हे पटत नाही. कॅनडातलं एखादं हार्वर्ड १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बनलं, तर त्याने प्रशिक्षणाची नोकरी फार तर बारा-चौदा वर्षं केली. झिरो म्हणून ते पन्नास वर्षांहून जास्त काळ उडतंय. मग त्याचं मूळ रूप कोणतं?

पुणेरी पाणचक्की

वाखूसा (वाचनखूण साठवली). मी हा सिनेमा पाहिलाय आणि इतकी वर्षं ती झिरोच समजत होतो. पडद्यावर ओळखायचं कसं, तेही सांगा.

रविवारचा वैमानिक

पंखाची पुढची कड बघायची. हार्वर्डची कड धडापासून थोडी सरळ येते आणि मग टोकाकडे मागे झुकते, तर मागची कड जवळपास सरळच राहते. झिरोचा पंख दोन्हीकडून निमुळता होत जातो. दुसरी खूण चाकांची. हार्वर्डची चाकं आत गेल्यावरही पोटाखालून उघडी दिसतात, झिरोची झाकणाखाली गडप होतात. टोकं कितीही गोल केली तरी पंखाचा मूळ आराखडा लपत नाही.

ओझरकर

मी एचएएलमध्ये नाशिकला पत्र्याच्या कामातच आयुष्य काढलं. मिग विमानं केली, हार्वर्डला हात लावलेला नाही. पण हे काम कसं झालं असेल आणि हार्वर्डच का सोयीचं पडलं, ते एक कारागीर म्हणून सांगू शकतो.

विमानाचं रूप बदलायचं तर पहिला नियम असा की भार वाहणाऱ्या हाडाला हात लावायचा नाही. पंखातला मुख्य दांडा म्हणजे स्पार, चाकांचे पाय, इंजिनाचा पाळणा, यांच्या वाटेला जायचं नाही. जे करायचं ते वरच्या कातडीत. झिरोच्या बाबतीत जवळपास सगळं काम कातडीतच भागलं: पंखांची टोकं आखूड आणि गोल केली, इंजिनावरचं आवरण नव्याने घडवलं, हार्वर्डची दोघांची लांबलचक काच काढून एकट्याची काच बसवली, मागची बैठक झाकून टाकली, शेपटीचा आकार बदलला. धड मूळचंच राहिलं.

केट ही वेगळी भानगड. हार्वर्डच्या धडाचा पुढचा अर्धा भाग म्हणजे वेल्डिंग केलेल्या पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर सुटे होणारे पत्रे. मागचा अर्धा भाग म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं पोकळ कवच. दोन्ही बोल्टने जोडलेले. म्हणजे कारखान्यानेच सांधा ठेवलेला आहे. प्रशिक्षण विमान रोज आपटणार, रोज दुरुस्त होणार, म्हणून ते असं उकलता येईल असं बनवलेलं असतं. पंखांचंही तेच. मधला भाग वेगळा, बाहेरचे पंख बोल्टांच्या रांगेने जोडलेले आणि वरून पट्टी. ज्याने हे आरेखन केलं त्याच्या मनात हँगरमधला मेकॅनिक होता, पण फायदा सिनेमावाल्यांना झाला. खऱ्या लढाऊ विमानाचे असे तुकडे सहज करता येत नाहीत.

सांधा मिळाला म्हणून काम सोपं होत नाही बरं का. शेपटी लांबवली की गुरुत्वमध्य मागे सरकतो. तो ठरलेल्या हद्दीबाहेर गेला की विमान नाक वर करून बसतं आणि वैमानिकाला आवरत नाही. म्हणजे प्रत्येक बदलानंतर तराजूवर चढवा, हिशोब करा, पुढे वजन घाला. वर केटखाली नकली टॉर्पेडो टांगायचा, म्हणजे हवेचा अडथळा वाढला, आणि ओढायला तेच ६०० अश्वशक्तीचं इंजिन. हे ज्यांनी केलं ते सिनेमाचे सेट लावणारे नव्हेत, विमानाचेच कारागीर. श्रेयनामावलीत अशांची नावं कोण वाचतो म्हणा.

धागाकर्त्याशी सहमत आहे, पण कारण वेगळं. मूळ रूपात आणणं म्हणजे त्या कारागिरांचं काम भंगारात टाकणं.

चिमणाजी

मला मात्र उलट वाटतं. ही विमानं दिसायला सुंदर आहेत यात वाद नाही, पण त्यांनी इतिहासाचं नुकसानही केलंय.

या सिनेमातले हल्ल्याचे तुकडे पुढे किती ठिकाणी वापरले गेले ते पाहा. १९७६ च्या 'मिडवे' सिनेमात हेच तुकडे आहेत. दूरचित्रवाणीवरच्या माहितीपटांतही रंगीत, स्वच्छ दिसणारा पर्ल हार्बर आला की कित्येकदा तो याच सिनेमातला असतो. खरं चित्रण कृष्णधवल, थरथरतं आणि अगदी थोडं. त्यामुळे दोन-तीन पिढ्यांच्या डोक्यात झिरो म्हणजे हार्वर्डच बसलंय. वर पाणचक्की यांनी तेच लिहिलंय. नक्कल इतकी पसरली की अस्सल माल ओळखू येईनासा झाला. अशी विमानं पुन्हा टी-६ केली तर मी तरी अश्रू ढाळणार नाही. टी-६ हाही इतिहासच आहे, आणि तो खरा आहे.

रविवारचा वैमानिक

चिमणाजी, माहितीपटवाल्यांच्या आळसाची शिक्षा विमानाला का? पडद्यावर 'हे सिनेमातलं दृश्य आहे' एवढी पाटी दिली असती तर प्रश्नच नव्हता.

आणि खऱ्याचं म्हणाल तर आज उडणारी 'खरी' झिरो घ्या. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यात जपानी साकाए इंजिनावर उडणारं ते चिनोचंच. बाकीच्यांत अमेरिकी प्रॅट अँड व्हिटनी बसवलंय. काही तर न्यू गिनीतल्या बाबो धावपट्टीजवळ सापडलेल्या सांगाड्यांवरून १९९० च्या दशकात रशियात उभी केलेली आहेत, बहुतांश पत्रा नवा. तरी त्यांना खरं म्हणायचं, कारण पाटीवर जपानी अनुक्रमांक आहे. मी त्यांना खोटं म्हणत नाही. पण अस्सल आणि नक्कल यांच्यात तुम्ही समजता तशी सरळ रेघ नाही.

चिमणाजी

रेघ वाकडी असली तरी आहे. त्या सांगाड्यांपैकी निदान एखादा भाग तरी १९४२ साली जपानी वैमानिकाबरोबर उडाला होता. तुमच्या हार्वर्डचा एकही खिळा उडालेला नाही.

गणपुले मास्तर

वाद चालू द्या, मी एक अवांतर टाकतो. हार्वर्ड डोळे मिटूनही ओळखता येतं, आवाजावरून. त्याचं साधं गणित आहे.

हार्वर्डचं प्रॅट अँड व्हिटनी वास्प इंजिन प्रोपेलरला थेट जोडलेलं असतं, मध्ये गिअर नाही. उड्डाणाच्या वेळी इंजिन मिनिटाला २२५० फेरे घेतं, म्हणजे प्रोपेलरही तेवढेच, सेकंदाला ३७.५. प्रोपेलरचा व्यास ९ फूट, म्हणजे २.७४ मीटर. परीघ साधारण ८.६ मीटर. गुणाकार करा: पात्याचं टोक सेकंदाला ३२३ मीटर वेगाने फिरतं. समुद्रसपाटीला ध्वनीचा वेग साधारण ३४०. म्हणजे टोकं ध्वनीच्या वेगाच्या ९५ टक्क्यांवर पोचतात, आणि तो कानठळ्या बसवणारा, फाटल्यासारखा आवाज तिथून येतो. इंजिन बिचारं उगाच बदनाम.

झिरोच्या साकाए इंजिनात गिअर होता. प्रोपेलर इंजिनापेक्षा सावकाश फिरायचा, त्यामुळे आवाजाची जातच वेगळी. पडद्यावर रंग बदलला, काच बदलली, पण उभ्या विमानातून हा आवाज काही कुणाला काढता आला नसता.

जुना एअरमन

मास्तर, तो आवाज आयुष्यभर विसरता येत नाही. मी साठच्या दशकाच्या शेवटी जोधपूरला हार्वर्डवर ग्राउंड क्रूमध्ये होतो. सकाळी पहिलं इंजिन सुरू झालं की सगळी लाइन जागी व्हायची.

सुरू करण्याआधी प्रोपेलर हाताने फिरवून घ्यावा लागायचा, कारण रात्रभरात तेल खालच्या सिलिंडरांत उतरतं. तसंच इंजिन मारलं तर तेल दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नवा पोरगा आला की त्याला हेच काम. आणि तेल गळणं, ते तर रेडियलचं लक्षणच. गळत नसेल तर टाकीतच नाही असं समजायचं.

हार्वर्ड स्वभावाने गरीब नव्हतं. पुढची चाकं जवळ नि जड शेपूट मागे, त्यामुळे उतरल्यावर पायाचं लक्ष जरा हललं की विमान जागेवरच गिरकी घ्यायचं आणि पंखाचं टोक जमिनीला घासायचं. पोरांची रग तिथेच उतरायची. वैमानिक म्हणायचे, हार्वर्ड जमलं की लढाऊ स्पिटफायर जमतं.

'नुसतं प्रशिक्षण विमान' म्हणणाऱ्यांसाठी एक सांगतो. १९४७ च्या ऑक्टोबरात टोळीवाले श्रीनगरच्या दारात आले तेव्हा अंबाल्याच्या प्रशिक्षण शाळेतली स्पिटफायर आणि हार्वर्ड विमानंच घाईने पुढे काढली होती. पोर्तुगीजांनी तर अंगोला, मोझांबिकमध्ये हीच विमानं बॉम्ब लावून लढाईत वापरली. हे विमान झिरो नसेल, पण भित्रंही नव्हतं.

त्यामुळे माझं मत चिमणाजींच्या बाजूने. ज्याने हजारो पोरं घडवली त्याला कायम शत्रूच्या वेषात का ठेवायचं? एखाद्याला तरी त्याचा पिवळा रंग परत मिळू दे.

टेक्सासची माई

मी ह्यूस्टनजवळच्या मेळाव्यात 'तोरा'चा खेळ पाहिलाय. एअरमन काका, तुमचं म्हणणं कळलं, पण तिथे उभं राहिल्यावर वेष वगैरे काही आठवत नाही. झिरो, व्हाल, केट एकामागून एक डोक्यावरून येतात, धावपट्टीच्या पलीकडे स्फोट, काळा धूर, पेट्रोलच्या आगीची भिंत, तिची धग प्रेक्षकांपर्यंत येते. कर्ण्यावर घटना सांगत असतात. विमानं एकमेकांना छेदून जातात तेव्हा पोटात गोळा येतो. या सगळ्याचं वेळापत्रक सेकंदांवर बसवलेलं असणार.

माझी एक जपानी मैत्रीण सोबत होती. मीच जरा अवघडले होते, हिला इथे आणून बरं केलं का म्हणून. ती खेळ संपल्यावर शांतपणे म्हणाली, "इंजिन प्रॅट अँड व्हिटनीचं ना?" तिचे वडील विमान कंपनीत होते.

एक मात्र लिहायलाच हवं. याच संस्थेची दोन विमानं, एक बी-१७ बॉम्बर आणि एक पी-६३ लढाऊ, नोव्हेंबर २०२२ मध्ये डॅलसच्या मेळाव्यात हवेत एकमेकांवर आदळली आणि सहा जण गेले. 'तोरा'च्या विमानांचा त्यात संबंध नव्हता. पण तेव्हापासून 'उडवत ठेवा' म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.

ओझरकर

माई, अगदी बरोबर. जुन्या पत्र्याला डोळे झाकून विश्वासाने घेऊ नये. त्यात या बदललेल्या विमानांचं एक जास्तीचं दुखणं आहे. हार्वर्डच्या देखभालीची पुस्तकं कारखान्याची आहेत, केटच्या जोडकामाचं पुस्तक कारखान्याकडे नसणार. तिथे गंज कुठे धरेल, तडा कुठे जाईल, हे वर्षानुवर्षं त्याच विमानावर काम करणाऱ्यालाच ठाऊक. अमेरिकेत असली विमानं साधारणपणे 'एक्सपेरिमेंटल' वर्गात नोंदवतात, म्हणजे भाडं घेऊन प्रवासी न्यायचे नाहीत, मर्यादा पाळायच्या. तो जाणता माणूस निवृत्त झाला की विमानही जमिनीवर ठेवणं शहाणपणाचं.

मालवणी मेवा

हा वाद आमच्याकडे दशावतारात कधीच मिटलाय. रात्रभर जो राजा असतो तो सकाळी शेतावर जातो. कोण खरा, असं कुणी विचारीत नाही. पण मुखवटा आणि किरीट मात्र पिढ्यान् पिढ्या सांभाळून ठेवतात, कारण खेळ त्यांच्यावर उभा आहे. त्यामुळे माझं मत: सगळी विमानं टी-६ करू नका, सगळी झिरो ठेवू नका. केट मात्र अजिबात मोडू नका. त्यातून मूळचं विमान निघणारच नाही, दोन अर्धी विमानं निघतील.

रविवारचा वैमानिक

शेवटचं वाक्य लाख मोलाचं. आणि खऱ्या केट आणि व्हालबद्दल तर चिमणाजींची अडचणच येत नाही, कारण उडणारी खरी केट किंवा व्हाल आज जगात नाहीत. आकाशात ती आकृती बघायची असेल तर सिनेमाची नक्कल एवढाच मार्ग.

चिमणाजी

केट-व्हालपुरतं मान्य. झिरोबाबत माझं मत कायम.

पुणेरी पाणचक्की

विमानवाहू जहाजही नकली होतं का? त्यावरून उड्डाण घेतानाचं दृश्य तर फार खरं वाटतं.

रविवारचा वैमानिक

उड्डाण खरं होतं, जहाज अमेरिकी होतं. यूएसएस यॉर्कटाउन. विमानं सॅन दिएगोला जहाजावर चढवली, किनाऱ्यापासून थोडं बाहेर नेलं आणि पहाटेच्या प्रकाशात खरोखर डेकवरून उडवली. मला तर सगळ्या सिनेमात हेच दृश्य सर्वांत आवडतं. निळसर अंधारात एंजिनांच्या ज्वाळा, टोप्या हलवणारे खलाशी, आणि एकामागून एक सुटणारी ही मंडळी. पण उडालेली विमानं परत डेकवर उतरू शकत नव्हती, कारण डेकवरच्या दोराला अडकवायचा आकडा त्यांना नव्हता. ती किनाऱ्यावरच्या नौदलाच्या तळावर उतरली, जहाज परत बंदरात आलं, विमानं पुन्हा चढवली आणि मग हवाई बेटांकडे निघाले.

गंमत म्हणजे याच यॉर्कटाउनने त्याच डिसेंबरात, २७ डिसेंबर १९६८ ला, चंद्राला फेऱ्या मारून आलेल्या अपोलो ८ च्या अंतराळवीरांना समुद्रातून उचललं. एका महिन्यात १९४१ चा हल्ला आणि चंद्रावरून आलेली माणसं!

चुका शोधणाऱ्यांना एक खाऊ: हल्ल्यातल्या आकागी या जपानी विमानवाहू जहाजाचा मनोरा डाव्या बाजूला होता, यॉर्कटाउनचा उजव्या. डेकवरची दृश्यं बघताना लक्ष ठेवा. जपानी बाजूच्या चित्रीकरणासाठी मात्र जपानच्या क्यूशू बेटावर आशिया नावाच्या गावी नागातो युद्धनौका आणि आकागीचा काही भाग पूर्ण आकारात उभा केला होता.

गणपुले मास्तर

त्यात बी-१७ एका चाकावर उतरतं ते दृश्यही खरंच घडलेलं आहे. चित्रीकरणात विमानाचं एक चाक खाली येईना. इंधन संपवायला ते घिरट्या घालत राहिलं, तेवढ्यात खाली कॅमेरे लावले आणि ते उतरणं सिनेमात घेतलं. धावपट्टीवर पी-४० या अमेरिकी लढाऊ विमानाची नकली विमानं स्फोटाने उडवून देतात, त्यातलं एक भलतीकडेच वळून रांगेत घुसलं. पळणारी माणसं तिथे अभिनय करत नाहीत, जीव वाचवतायत.

जुना एअरमन

हवाई बेटांवर चित्रीकरण चालू असताना व्हालच्या वेषातलं एक विमान कोसळलं आणि त्याचा वैमानिक गेला, हेही लिहा मास्तर. अशा धाग्यांत गमतीजमती पुढे येतात आणि ते मागे राहतं.

टेक्सासची माई

या झिरोंनी पुढे एफ-१४ टॉमकॅटशीही झुंज घेतलीय! 'द फायनल काउंटडाउन' (१९८०), अणुशक्तीवरचं निमिट्झ जहाज काळात मागे जाऊन पर्ल हार्बरच्या आदल्या दिवशी पोचतं. कथा काहीही आहे, पण हवाई दृश्यं खरी. टॉमकॅटला हार्वर्डच्या मागे राहायचं म्हणजे पंख पूर्ण पसरून, अगदी रडतखडत उडायचं. ध्वनीच्या दुप्पट वेगाचं विमान शिकाऊ विमानामागे रांगतंय!

चिमणाजी

अखेर आपलं एकमत होईल असं काही: 'अ ब्रिज टू फार' (१९७७) मध्ये हार्वर्डनेच अमेरिकी आणि जर्मन, दोन्ही लढाऊ विमानांच्या भूमिका केल्यात. 'द ग्रेट एस्केप' (१९६३) मध्ये ते जर्मन झालंय. म्हणजे जपानी, जर्मन, अमेरिकी, सगळं करून झालं. या विमानाला चरित्र अभिनेत्याचं मानधन द्यायला हवं.

मालवणी मेवा

भारतात असं कुणी केलं का? आमच्या युद्धपटांत काय वापरतात?

जुना एअरमन

आपल्याकडे पद्धत वेगळी. हवाई दलाने परवानगी दिली की खरी विमानंच मिळतात. 'हिंदुस्तान की कसम' (१९७३) मध्ये हवाई दलाची विमानं आहेत, 'बॉर्डर' (१९९७) मध्ये खरी हंटर लढाऊ विमानं. खासगी मालकीची जुनी लष्करी विमानं आपल्याकडे उडताना दिसतच नाहीत, मग कापणार कोण नि जोडणार कोण? हवाई दलाच्या विंटेज फ्लाइटने मात्र हार्वर्ड आणि टायगर मॉथ पुन्हा उडवली आहेत. ते हार्वर्ड मी पाहिलं नाही, व्हिडिओतला आवाज ऐकलाय. पुरेसा आहे.

अस्सल जपानी यंत्र बघायचं असेल तर दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात ओहका आहे. आत्मघाती वैमानिकाला बसवून सोडायचा उडता बॉम्ब. छोटासा आहे, पटकन नजरेतून सुटतो.

गणपुले मास्तर

आणि पर्ल हार्बर आपल्यापासून फार लांब होतं असंही समजू नका. त्या हल्ल्यातल्या सहा विमानवाहू जहाजांपैकी पाच १९४२ च्या एप्रिलमध्ये हिंदी महासागरात होती. ५ एप्रिलला कोलंबो, ९ ला त्रिंकोमाली. हर्मिस हे ब्रिटिश विमानवाहू जहाज व्हाल विमानांनीच बुडवलं. आणि ६ एप्रिलला र्‍यूजो या दुसऱ्या जपानी जहाजावरून निघालेल्या केट विमानांनी विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब टाकले. म्हणजे सिनेमासाठी हार्वर्ड आणि बीटी-१३ जोडून ज्याची नक्कल केली, ते खरं विमान आपल्या किनाऱ्यावर येऊन गेलंय.

पुणेरी पाणचक्की

मास्तर, विशाखापट्टणमचं हे मला ठाऊकच नव्हतं. शाळेत कधी कानावर आलं नाही. यावर वेगळा धागा काढा ना.

गणपुले मास्तर

काढतो. नकाशे चढवायला जमलं की रविवारी टाकतो. एअरमन साहेब, तोवर तुमच्याकडे जोधपूरचे फोटो असतील तर इथेच चिकटवा.

जुना एअरमन

फोटो आहेत, पण त्या काळी धावपट्टीवर कॅमेरा नेऊ देत नसत. जे आहेत त्यात विमानापेक्षा आम्हीच जास्त दिसतो. नातवाला सांगून स्कॅन करून टाकतो.